दोन ज्येष्ठ, एक पौर्णिमा

(लखनौ येथील मराठी भाषकांच्या मेळाव्यात अनुवादिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



हिंदू धर्मातील मूलभूत श्रद्धा, आचार आणि सामाजिक परंपरा यांची सामान्य वाचकास ओळख करून देणाऱ्या एका छोट्या इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद मी नुकताच पूर्ण केला. त्या निमित्ताने आपण मला येथे बोलावलेत, याबद्दल मी आपली आभारी आहे. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. मी धर्मशास्त्राची पंडिता नाही. मराठी विषय घेऊन मी एम. ए. झाले आणि गेली बरीच वर्षे अनुवादाचे काम करीत आहे. तथापि अनुवादकाला एका प्रकारचे शिक्षण आपोआप घडते. वाचक ज्या वाक्यावरून सहज पुढे जातो, तेथे अनुवादकाला थांबावे लागते. कारण समोरचा शब्द आपल्या भाषेत कोणत्या शब्दाने आणावयाचा, याचा निर्णय त्याला टाळता येत नाही. अशा थांबण्याच्या काही जागांविषयी मी आज बोलणार आहे. त्या जागी मला पुस्तकाने जेवढे शिकवले, तेवढेच या लखनौ शहरानेही शिकवले.

पहिली जागा माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. मूळ पुस्तकात वटसावित्रीच्या व्रताविषयी एक वाक्य होते. हे व्रत ज्येष्ठ महिन्यातील अमावास्येला करतात, असा त्याचा आशय होता. मी सातारा जिल्ह्यात वाढले. आमच्या घरासमोरील वडाला आई आणि आजी ज्येष्ठ पौर्णिमेला सूत गुंडाळीत, हे मी कळू लागल्यापासून पाहत आले होते. त्या पौर्णिमेचे नावच आपल्याकडे वटपौर्णिमा असे आहे. तेव्हा लेखकाच्या हातून अनवधानाने चूक झाली असे मी धरून चालले आणि अनुवादात 'अमावास्ये'च्या जागी 'पौर्णिमा' लिहून मोकळी झाले. कोणास विचारावे, निदान शंका तरी नोंदवून ठेवावी, असेही मला त्या वेळी सुचले नाही.

पुढे मुद्रिते तपासण्याचे काम चालू असताना मे महिन्यातील एका सकाळी शेजारच्या चाचीजी नवी साडी नेसून, हातात ताट घेऊन दारावरून निघाल्या. ताटात बांबूचा पंखा, खरबूज, भिजवलेले हरभरे आणि सुताची गुंडी होती. मी चौकशी केली, तेव्हा त्या म्हणाल्या की, आज बरगदाही, जेठची अमावास्या. 'बरगद' म्हणजे वड. मी घरात येऊन पुण्याहून आणलेले कॅलेंडर पाहिले. त्यावर त्या दिवशी वैशाख अमावास्या छापलेली होती. माझ्या कॅलेंडरमध्ये चूक नव्हती आणि चाचीजींच्या बोलण्यातही नव्हती. चूक फक्त माझ्या मुद्रितांत होती.

आपणांपैकी पुष्कळांना हे ठाऊक असेल. परंतु ज्यांची मुले येथेच वाढली त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. चांद्रमासाचा शेवट कोठे मानावयाचा, याच्या दोन पद्धती आपल्या देशात आहेत. महाराष्ट्र, गुजरात, आंध्र आणि कर्नाटक या प्रदेशांत महिना अमावास्येला संपतो. त्यास अमान्त पद्धती म्हणतात. उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. ती पौर्णिमान्त पद्धती होय. आता गंमत अशी की, शुक्ल पक्षात दोन्हींकडे महिन्याचे नाव एकच असते. कृष्ण पक्षात मात्र उत्तरेकडील नाव एका महिन्याने पुढे जाते. आपला वैशाख कृष्ण पक्ष तो येथील ज्येष्ठ कृष्ण पक्ष. त्यामुळे वैशाखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लखनौत 'जेठ' लागतो आणि आपला ज्येष्ठ त्यानंतर पंधरवड्याने उगवतो. दोन्ही ज्येष्ठ संपतात मात्र कसे पाहा. येथील ज्येष्ठ त्याच्या पौर्णिमेला संपतो आणि आपला त्याच पौर्णिमेला अर्धा होतो. पौर्णिमा एकच, तिच्या अलीकडे आणि पलीकडे मोजण्याची रीत वेगळी.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे बऱ्याच वरवरच्या मतभेदांचा उलगडा होतो. आपण श्रावण वद्य अष्टमीला गोकुळाष्टमी करतो आणि येथे भाद्रपद कृष्ण अष्टमीला जन्माष्टमी होते, दिवस तोच. आपली महाशिवरात्र माघात, येथील फाल्गुनात, रात्र तीच. आपला पितृपक्ष भाद्रपदात, येथील आश्विनात. श्राद्धाच्या तिथी त्याच. दिवाळीची अमावास्या आपल्याकडे आश्विनाची, येथे कार्तिकाची. पणत्या त्याच संध्याकाळी लागतात. वर्षाचा आकडाही असाच. आपण शालिवाहन शक मोजतो, येथे विक्रम संवत चालतो. दोहोंत १३५ वर्षांचे अंतर आहे. पण दोन्ही वर्षे चैत्र शुक्ल प्रतिपदेलाच बदलतात. येथील चैत्र महिना त्यापूर्वी पंधरवडाभर आधीच सुरू झालेला असतो, म्हणजे वर्ष महिन्याच्या मध्यावर बदलते. प्रथम ऐकणाऱ्यास हे विचित्र वाटते आणि सवय झालेल्यास त्यात काहीच विचित्र वाटत नाही.

या विषयावरील आधारभूत ग्रंथ मराठीत आहे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याचा हिंदी अनुवाद स्वातंत्र्योत्तर काळात शिवनाथ झारखंडी यांनी केला आणि तो याच लखनौ शहरातून उत्तर प्रदेश शासनाने प्रकाशित केला. पुढे केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. तिच्यात नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे दोन मराठी विद्वान होते. समितीचा अहवाल १९५५ साली आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तीत महिने सौर आहेत आणि ज्येष्ठ २२ मे रोजी लागतो. म्हणजे शासकीय कागदावर आपल्याला तिसराही ज्येष्ठ मिळाला! तथापि चाचीजींनी वडाकडे जाताना तो विचारात घेतला नाही, आणि माझ्या आईनेही कधी घेतला नाही.

येथवर प्रश्न केवळ नावाचा होता. वटसावित्रीच्या बाबतीत मात्र तेवढ्याने भागत नाही. जन्माष्टमीचा दिवस दोन्हींकडे एकच आहे. पण वटसावित्रीचा दिवसच वेगळा आहे. येथील स्त्रिया अमावास्येला वडाची पूजा करतात आणि आपल्याकडील स्त्रिया पंधरा दिवसांनी पौर्णिमेला करतात. कथा तीच: सत्यवान, सावित्री आणि यम. फेऱ्या त्याच, सूतही तेच. मग खरा दिवस कोणता? माझ्या मुलीने मला हाच प्रश्न विचारला आणि मला पटकन उत्तर देता आले नाही.

या प्रश्नाला शास्त्राने दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. धर्माचे ज्ञान कोठून होते, या प्रश्नावर स्मृतिकारांनी वेद, स्मृती आणि सज्जनांचा आचार अशी प्रमाणे सांगितली. मनू आणि याज्ञवल्क्य यांनी त्यांत स्वतःच्या अंतःकरणाचे समाधानही जोडले. म्हणजे आरंभापासूनच 'लोक कसे वागतात' यास धर्मात स्थान होते. देशपरत्वे आणि कुलपरत्वे आचार भिन्न असतो, हेही मान्य होते. मध्ययुगात तिथिनिर्णयाचे मोठे ग्रंथ झाले, त्यांचा हेतू हा सर्व पसारा नीट लावून देण्याचा होता. त्यांपैकी दोन नावे आपल्या घरोघरच्या भटजींच्या तोंडी असत. पहिला 'निर्णयसिंधु'. तो कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीत पूर्ण केला. हे घराणे मूळचे पैठणचे. कमलाकरभट्टांचे पणजोबा रामेश्वरभट्ट पैठण सोडून काशीस गेले आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे १६७४ सालचे विधी ज्यांनी केले ते गागाभट्ट कमलाकरभट्टांचे पुतणे होत. दुसरा 'धर्मसिंधु'. तो पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचला. एक ग्रंथ गंगेच्या काठी झाला आणि दुसरा भीमेच्या. पण एका ठिकाणचा आचार खरा आणि दुसऱ्या ठिकाणचा खोटा, असा निवाडा देण्याची घाई या परंपरेने केलेली दिसत नाही. ज्या प्रदेशात जी रूढी असेल तिला तेथे मान द्यावा, हीच तिची सर्वसाधारण भूमिका आहे.

या सर्व ग्रंथसंभाराचा आधुनिक काळातील सर्वांत मोठा अभ्यास भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी केला. त्यांच्या इंग्रजी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'चे पाच खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केले. पृष्ठे सहा हजारांहून अधिक आहेत. त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद अर्जुन चौबे काश्यप यांनी केला, आणि तोही लखनौच्या हिंदी समितीने प्रकाशित केला. रत्नागिरी जिल्ह्यातील एका मराठी विद्वानाने मुंबईत वकिली सांभाळून इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ हिंदी वाचकास लखनौमुळे मिळाला, याचा या शहरात राहणाऱ्या मराठी माणसास अभिमान वाटावा. काणे यांच्या ग्रंथातून माझ्यासारख्या सामान्य वाचकाने घेण्याचा धडा असा की, 'हिंदू धर्मात असे सांगितले आहे' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी कोणी सांगितले, केव्हा, कोठे आणि कोणासाठी, हे चार प्रश्न विचारावेत. मी माझ्या चुकीत यांपैकी एकही प्रश्न विचारला नव्हता.

मग इतक्या भिन्नतेत समान असे काय उरते? परिचयात्मक पुस्तके येथे श्रद्धांची यादी देतात. केलेल्या कर्माचे फळ चुकत नाही. जन्म एकच नसतो. या फेऱ्यातून सुटका आहे आणि ती ज्ञानाने, भक्तीने किंवा निष्काम कर्माने साधते. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ होत. देव एक आहे आणि त्याची रूपे अनेक आहेत, ज्याला जे रूप भावेल ते त्याने भजावे. ही यादी चुकीची नाही. परंतु ती वाचून एखाद्या परदेशी वाचकास असे वाटेल की, हिंदू मनुष्य सकाळी उठून या सिद्धांतांची उजळणी करतो. प्रत्यक्षात आपल्या घरी कोणी सिद्धांत शिकवले नाहीत. जेवणापूर्वी गाईचा घास काढून ठेव, दिवेलागणीला झोपू नकोस, दारी आलेल्यास पाण्याविना पाठवू नकोस, एवढेच सांगितले. सिद्धांत असलाच तर तो त्या सवयींत मुरलेला होता. धर्मशास्त्राने गृहस्थाला रोजचे पाच महायज्ञ सांगितले आहेत: अध्ययनाचा, देवांचा, पितरांचा, प्राणिमात्रांचा आणि मनुष्यांचा. शेवटचा मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथीला अन्न. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, ही कल्पनाही त्याच घरातली. आजीने हे शब्द कधी वापरले नाहीत. पण घास मात्र ती रोज काढीत असे.

हे सारे एका ठिकाणी पाहावयाचे असेल तर लखनौत ज्येष्ठातील मंगळवारी रस्त्यावर यावे. येथील 'बडा मंगल' आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पौर्णिमान्त ज्येष्ठात एरवी चार किंवा पाच मंगळवार येतात. २०१८ प्रमाणे ज्येष्ठच अधिक आला तर ही संख्या जवळजवळ दुप्पट होते. अलीगंजच्या जुन्या आणि नव्या हनुमान मंदिरांत पहाटेपूर्वीपासून रांगा लागतात. कित्येक जण तापलेल्या रस्त्यावरून दंडवत घालीत येतात. जुन्या मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे. अवधच्या नवाबघराण्यातील एका बेगमेने हे मंदिर बांधविले, अशी कथा येथे सर्वत्र सांगितली जाते. कोणी म्हणतात तिला स्वप्नात दृष्टांत झाला, कोणी म्हणतात मूर्ती नेणारा हत्ती तेथेच अडून बसला. कथेचे तपशील बदलतात. चंद्रकोर मात्र कळसावर आहे आणि तिच्याखाली हात जोडणाऱ्यास तिचे नवल वाटत नाही.

आपल्या मारुतीशी या हनुमानाचे नाते लावताना मला अनुवादात मौज वाटली. आपल्याकडे मारुतीचा वार मुख्यतः शनिवार, येथे मंगळवार. आपण तेल आणि रुईची माळ वाहतो, येथे शेंदराचा लेप आणि बुंदीचे लाडू. आपली हनुमानजयंती चैत्र पौर्णिमेला असते. अयोध्येत ती कार्तिक कृष्ण चतुर्दशीला, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीला करतात. आपला मारुती गावाच्या वेशीवर उभा असतो. येथे ज्येष्ठातील मंगळवारी तो प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी आलेला वाटतो. कारण त्या दिवशी गल्लोगल्ली मांडव पडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यास पुरी-भाजी, बुंदी, सरबत आणि थंड पाणी दिले जाते. यास 'भंडारा' म्हणतात. मराठी वाचकास भंडारा म्हटले की आधी जेजुरीची हळद आठवते, म्हणून अनुवादात मला तेथे 'अन्नदान' हा शब्द जोडावा लागला. पारा चाळिशीपार गेलेला असतो, 'लू' वाहत असते, आणि अशा वेळी पाणी देणे यात देवभक्ती किती व मनुष्ययज्ञ किती, हे वेगळे काढता येत नाही. देणारा विचारीत नाही की घेणारा कोण, कोठला, कोणत्या धर्माचा. रिक्षावाला, कचेरीतला अधिकारी, शाळकरी मुले एकाच रांगेत उभी असतात. देणाऱ्यांतही सर्व प्रकारचे लोक असतात.

आता मी शेवटच्या आणि मला सर्वांत कठीण वाटलेल्या शब्दाकडे येते. मूळ पुस्तकात 'कास्ट' हा शब्द पानोपानी होता. हा शब्द आपला नव्हे. तो पोर्तुगिजांच्या 'कास्टा'वरून इंग्रजीत गेला. त्या एका शब्दाने इंग्रजी लेखक आपले दोन शब्द झाकतो. वर्ण चार, ते ग्रंथांतले. जाती अगणित, त्या गावातल्या. वर्ण मांडणीत आढळतो, जात सोयरिकीत, पंगतीत आणि पाणवठ्यावर आढळते. प्रत्येक ठिकाणी कोणता शब्द योजावा हे मी संदर्भ पाहून ठरवले, आणि त्यात फारसे चुकले नसावे.

चुकले ते क्रियापदात. अस्पृश्यतेवरील परिच्छेदात मूळ लेखकाने कर्मणी प्रयोग वापरला होता. मी त्याचा अनुवाद केला: 'काही जातींच्या लोकांना वेगळ्या भांड्यातून पाणी दिले जात असे.' वाक्य शुद्ध आहे. त्याखाली मी माहितीसाठी टीप दिली की, २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ साली तिच्या आचरणास शिक्षा ठरविणारा कायदा झाला. शिवाय २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी केलेले उपोषण, यांचा उल्लेखही केला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९६६ साली 'हिंदू कोण' या प्रश्नाचा विस्ताराने ऊहापोह केला, तोसुद्धा मंदिरप्रवेशाच्याच खटल्यात, याची मी विशेष नोंद घेतली. एका पंथाचे म्हणणे होते की, आम्ही हिंदू नाही, म्हणून मंदिरप्रवेशाचा कायदा आमच्या मंदिरांस लागू होत नाही. न्यायालयाने ते मान्य केले नाही. धर्माची व्याख्या करण्याची वेळ आली ती कोणाला आत येऊ द्यावयाचे या प्रश्नावरून, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. टीप मला चांगली साधली असे वाटले.

त्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक पेला उपडा ठेवलेला असे. घरकामास येणाऱ्या बाईंसाठी तो सासूबाईंनी वेगळा काढला होता. सासूबाई गेल्यावरही तो तेथेच राहिला. मी तो ठेवला असे मला कधी वाटले नाही, तो होता. बाई आल्या की स्वतःच तो घेत, पाणी किंवा चहा पीत, विसळून पुन्हा उपडा घालीत. अशी सात-आठ वर्षे गेली. त्याच स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत बसून मी सतराव्या अनुच्छेदाची टीप लिहिली.

त्या वर्षीच्या बड्या मंगळवारी आमच्या गल्लीतील भंडाऱ्यात सरबत वाटण्याच्या कामावर ह्याच बाई आणि त्यांचा मुलगा होता. मी रांगेतून गेले, त्यांनी पेला भरून दिला आणि मी तो तेथेच उभी राहून प्याले. त्यात विशेष काही आहे हे माझ्या मनातही आले नाही. दुसऱ्या दिवशी त्या कामाला आल्या. चहा झाला. खिडकीतील पेल्याकडे हात नेता नेता त्या सहज म्हणाल्या, "दीदी, कल तो आपने मेरे हाथ से पिया था." त्या रागाने बोलल्या नाहीत, हसूनच बोलल्या. मी काही उत्तर दिले नाही. मला देता आले नाही.

त्या दिवशी मी तो पेला इतर पेल्यांत मिसळून टाकला. यात मोठेपणाचे काही नाही; सात-आठ वर्षांनी केलेल्या गोष्टीची फुशारकी मारता येत नाही. सांगण्यासारखे एवढेच की, पेला हलविणे सोपे होते. त्यानंतर कित्येक महिने त्यांचा हात आधी खिडकीकडेच जाई, आणि तेथे काही नाही असे पाहून त्या थबकत. माझ्या मुलीने एकदा आपल्या हाताने त्यांना मांडणीवरचा पेला काढून दिला, तेव्हापासून त्या तो घेऊ लागल्या. अजूनही पाहुणे घरात असले की त्या चहा नको म्हणतात.

मग मी माझ्या वाक्याकडे परत गेले. 'पाणी दिले जात असे.' कोण देत असे, हे त्या वाक्यात नाही. कर्मणी प्रयोगात कर्त्याला लपून राहण्याची सोय असते. आणि 'असे' हा शब्द ती गोष्ट भूतकाळात ढकलून देतो. मूळ लेखकाचे वाक्य बदलण्याचा अधिकार अनुवादकास नाही. वटसावित्रीच्या वेळी तो मी घेतला आणि फसले. म्हणून ते वाक्य मी मुळाबरहुकूम ठेवले आहे. परंतु खालच्या टिपेत, कायद्याच्या सनावळीनंतर, एक वाक्य वाढविले आहे: ही पद्धत कित्येक घरांत अद्याप पाळली जाते आणि अनुवादिकेच्या घरीही ती अलीकडेपर्यंत होती. प्रकाशनसंस्थेच्या संपादकांनी हे वाक्य ठेवावे की नाही यावर विचार केला आणि ते ठेवले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

वटसावित्रीच्या वाक्यात 'अमावास्या' हा शब्द मी पूर्ववत केला असून, महाराष्ट्रात हे व्रत पौर्णिमेला करतात, अशी टीप दिली आहे.

बंधुभगिनींनो, धर्मातील भिन्नतेविषयी आपण पुष्कळदा अभिमानाने बोलतो, आणि ते योग्यही आहे. परंतु या दोन टिपा एकाच पुस्तकात लिहिताना माझ्या असे ध्यानात आले की, सर्व भिन्नता एका जातीची नसते. वडाची पूजा अमावास्येला करावी की पौर्णिमेला, या भेदात कोणाचे काही जात नाही. तेथे जसा देश तसा आचार हे जुने सूत्र पुरेसे आहे. वेगळा पेला हाही 'आचार'च होता, तोही घरातील वडीलधाऱ्यांकडून आला होता. पण त्यात एका माणसाचे काहीतरी रोज जात होते, आणि ते जाते हे फक्त तिलाच कळत होते. रूढीला मान द्यावा असे सांगणाऱ्या त्याच परंपरेने अंतःकरणाचे समाधान हेही एक प्रमाण मानले आहे. ते कोणाच्या अंतःकरणाचे, हा प्रश्न विचारण्यास आपण उशीर करतो.

आपली मुले येथे दोन पंचांगांत वाढत आहेत. ती विचारतील की, आपला दिवस कोणता? त्यांना दोन्ही दिवस सांगावेत, आणि त्यामागील गणितही सांगावे. ते कठीण नाही. माझ्या मुलीने या वर्षी चाचीजींबरोबर अमावास्येला वडाला फेऱ्या घातल्या आणि पौर्णिमेला माझ्या आईला फोन करून साताऱ्याच्या वडाची चौकशी केली. दुसराही प्रश्न मुले विचारतील, बहुधा शब्दांत न विचारता, खिडकीकडे पाहून. त्याचे उत्तर कोणत्याही पंचांगात नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल, आणि शक्य तर कर्तरी प्रयोगात.